ना विरली, ना वाढली

प्रयोगशाळेत आमच्या यंत्रांना सगळे सासू-सून म्हणायचे, कारण जुनं यंत्र मी चालवायचे आणि नवा संगणक माझी सून. माझं यंत्र वायरींचं. आकडेमोड न करता ते पाण्यातली लाट विजेच्या दाबात उतरवायचं आणि ती विरेल की वाढेल याचं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत द्यायचं. मला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, हा माझा नियम. सुनेलाही त्यात सूट नव्हती.

त्याच यंत्रावर एके दिवशी संचालकांनी ‘भंगार’ अशी चिठ्ठी चिकटवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पण त्याची खोट मला ठाऊक होती. लाट फार वाढली की विजेची मर्यादा ओलांडली जायची आणि सगळं मुसळ केरात. सुनेचा संगणक बिनचूक, पण एका उत्तराला दिवस घालवायचा.

“आई, दोन्ही जोडूया,” ती म्हणाली. “तुमचं यंत्र धावू दे. ते भरकटायच्या आत माझं त्याला थांबवेल, आकडे आवरेल आणि पुन्हा सोडेल.”

“म्हणजे माझ्या यंत्राला तू लगाम घालणार?”

“घरी तुम्ही मला घालता ना?”

मी वायरी जोडायला घेतल्या.

उत्तर आलं : व्हॉल्व्हच्या सातव्या खुणेला प्रवाहाची स्थिरता संपते. पडताळायला त्याच दालनात त्या व्हॉल्व्हला जोडलेली चपटी काचेची नळी होती. तिच्यातून पाण्यासोबत रंगाची बारीक रेघ वाहायची आणि तोंडाशी थरथरणारी पट्टी त्या रेघेत लाट उठवायची.

“चुकलं तर यंत्र उद्या बाहेर,” संचालक म्हणाले आणि स्वतः व्हॉल्व्ह फिरवू लागले.

पाचव्या खुणेला लाट उठली आणि विरली. सातव्या खुणेला उठली आणि तशीच टोकापर्यंत गेली.

“काहीच बिघडलं नाही. चुकलात तुम्ही.” त्यांचा हात व्हॉल्व्ह बंद करायला वळला.

“हात लावू नका!” सून कडाडली. घरात जिचा आवाज शेजारच्या खोलीत पोचत नाही, ती! “लाट विरली नाही, वाढलीही नाही. हीच ती सीमा. आता केसभर पुढे फिरवा.”

त्यांनी फिरवला. लाट फुगत गेली आणि टोकाशी रंगाच्या रेघेच्या चिंध्या झाल्या. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

“मग जिंकलं कुणाचं यंत्र?” संचालकांनी हसून मला विचारलं.

“आमच्या घरचं.”

वळून पाहते तर सून माझ्या यंत्रावरची चिठ्ठी नखाने खरवडत होती. मला न विचारता.

“खालचा कोपरा राहिला बघ,” मी म्हटलं.