फक्त हाताचा काढा म्हणाले

मी एक्स-रे यंत्र बोलतोय. बोलतोय कसला, भांडतोय! आफ्रिकेतल्या मलावीत, शिरे नदीकाठच्या सरकारी दवाखान्यात माझा मुक्काम. अंगाचा रंग उडालाय, पण नजर शाबूत आहे. मी कातडीखालचं बघतो. माणसं मात्र अंगावरचा कोट बघतात.

तामंदाला पहिल्यांदा आणलं तेव्हा तिचा हात मोडला होता. एवढंसं लेकरू, अजून रांगतही नव्हतं. बाप ग्रेशम म्हणाला, पलंगावरून पडली. हा चर्चच्या गायनपथकाचा पुढारी, बोलणं गोड, अंगात इस्त्रीचा कोट. डॉक्टर चिमकोनोही त्याच पथकात गाणारे. दोघांच्या रविवारच्या गाण्यांवर गप्पा झाल्या आणि मला हुकूम आला, फक्त हाताचा काढा.

अहो, फासळ्या तिथेच वीतभरावर होत्या! पण मला तोंड कुठे आहे? हात दाखवला, प्लॅस्टर झालं, लेकरू त्याच घरी परत गेलं.

मला ऊठसूट वापरा असं मी म्हणत नाही. माझे किरण कोवळ्या अंगाला बाधतात. धडपडणाऱ्या प्रत्येक पोराला माझ्याखाली आडवं करणं हा शुद्ध मूर्खपणा. पण न रांगणाऱ्या बाळाचं हाड मोडलं आणि कारण गुळमुळीत सांगितलं, तर डोक्यापासून पायापर्यंत बघायचंच असतं. डॉक्टरांना हे ठाऊक नसतं थोडंच? पण 'चांगल्या घरचा माणूस आहे हो' म्हटलं की सगळं शिकलेलं पाण्यात. संताप होतो नुसता.

तामंदा पुन्हा आली. या वेळी मांडी. बाप तेच म्हणाला, पलंगावरून पडली. डॉक्टर 'फक्त मांडी' म्हणणार, तोच तिच्या आईची आई, एलुबी आजी, पुढे झाली. आमच्याकडे सासू जावयासमोर तोंड उघडत नाही, नजरही वर करत नाही. ती बोलली.

"कसला पलंग, डॉक्टर? आमच्या घरात सगळे चटईवर झोपतात. चटईवरून पडून मांडी मोडते होय?"

तामंदाची आई हुंदके द्यायला लागली. ग्रेशम म्हातारीच्या अकलेबद्दल काहीबाही बोलत लेकराला उचलायला सरसावला. डॉक्टर मध्ये उभे राहिले.

"दादा, तुम्ही बाहेर थांबा. सगळ्या अंगाचे फोटो काढायचेत."

मग मी काही लपवलं नाही. फासळ्यांवर मोडून जुळलेल्या हाडांच्या गाठी होत्या, काही जुन्या, काही अलीकडच्या. डॉक्टरांनी पोलिसांना बोलावलं आणि बापाला वॉर्डाची पायरी चढू द्यायची नाही असं नर्सला बजावलं.

आजीने फिल्मवरच्या एका गाठीवर बोट ठेवलं. "ही हात मोडला त्या वेळीही होती?"

"होती," डॉक्टर म्हणाले.

"मग तेव्हाच का नाही बघितलंत?"

डॉक्टरांनी फिल्म पाकिटात सरकवली. तामंदा आता वॉर्डात आहे, पाय दोरीने वर टांगलेला, आजी उशाशी. आजीला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. म्हणून मीच देतो. आजी, मला तेव्हाच विचारलं असतं ना, तर ही मांडी मोडलीच नसती.