झाकणाच्या आतली खूण

घड्याळजीचा मेव्हणा पोपट घड्याळं विकायचा, म्हणजे खरं तर गोष्टी विकायचा. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते त्याच्याकडे बघूनच म्हणत असावेत. हे घड्याळ समुद्राच्या तळाशी चाळीस दिवस चाललं, ते एका नटीने नवऱ्याच्या तोंडावर फेकून मारलं. गिऱ्हाईक आ वासून ऐकायचं आणि मनगट पुढे करायचं. घड्याळजीला हे पटत नसे. पण आईवेगळ्या पोपटाला घड्याळजीच्या बायकोनेच, म्हणजे थोरल्या बहिणीने, कडेवर वाढवलेलं, त्यामुळे घरात ब्र काढायची सोय नव्हती.

आणि एकदा घड्याळजीनेही शेण खाल्लं. वैमानिकांसाठी बनवलेलं, काळ्या तबकडीचं एक नावाजलेलं जुनं घड्याळ आलं होतं. पोपटाने गोष्ट रचली: लढाईत शत्रूने सुरा चालवला, वार घड्याळावर बसला आणि वैमानिकाचा हात वाचला. "भावजी, फक्त एक खाच पाहिजे," म्हणत तो आठ दिवस मागे लागला. शेवटी घड्याळजीने छिन्नी धरली आणि एक टोला मारला. मग आतलं यंत्र साफ केलं, तेल दिलं, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे पाठच्या झाकणाच्या आत सुईने आपली खूण, तारीख आणि केलेलं काम कोरलं. तीस वर्षांची सवय ती. हाताने कोरलं, डोक्याला विचारलंच नाही.

ती गोष्ट ऐकून ते घड्याळ धक्क्यावरच्या दादाने आपल्या मुलासाठी नेलं. धक्क्यावर या दादाच्या शब्दाबाहेर एक खोकं हलत नसे.

सहा महिन्यांनी, भर दुपारी, दादा दोन माणसं घेऊन दुकानात आला. एकाने शटर खाली ओढलं. दुसऱ्याने पोपटाची मानगूट धरून त्याचं तोंड काउंटरच्या काचेवर आपटलं, एकदा, दोनदा, काच फुटेपर्यंत. पोपटाने दोन दात थुंकले.

दादाने घड्याळ टेबलावर ठेवलं. पट्ट्यावरचं रक्त वाळून काळं झालं होतं.

"माझ्या पोरावर कोयता चालवला," दादा म्हणाला. "मागचं दार उघडं होतं. पळाला असता तर वाचला असता. पण त्याने हे मनगट पुढे केलं. वार घड्याळाच्या चार बोटं वर बसला. हात गेला त्याचा."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. घड्याळजीला त्याचीच जास्त भीती वाटली.

"गोष्ट खरी होती का?"

"खरी, दादा. आईशप्पथ," पोपट म्हणाला. मेलेल्या आईची शपथ खायला काय जातं!

"मग बांध मनगटाला."

दोघांनी पोपटाचा हात टेबलावर दाबून धरला आणि घड्याळ बांधलं. दादाने पिशवीतून कोयता काढला. पोपटाची पाचावर धारण बसली, पॅन्ट ओली झाली, तरी गाढव "खरी आहे, खरी आहे" म्हणतच होतं. कबूल केलं तर मानच जाईल असं त्याला वाटत असावं.

कोयता वर गेला.

"थांबा," घड्याळजी म्हणाला. "खाच मी पाडलीय."

त्याने घड्याळ सोडवलं, झाकण उघडलं आणि भिंग दादाच्या हातात दिलं. दादाने वाचलं. तारीख, आणि खाली तीन शब्द: साफसफाई, तेल, खाच.

"स्वतःचा पंचनामा स्वतःच लिहिणारा चोर आजच बघितला," दादा म्हणाला. हसला मात्र नाही. "पोराचा एक हात गेला. मलाही एकच पाहिजे. कुठल्या हाताने पाडलीस?"

घड्याळजी डावखुरा होता. चिमटा, सुई, छिन्नी, सगळं डाव्या हातात. घर चालायचं ते त्या हातावर.

"उजव्या," तो म्हणाला आणि उजवा हात टेबलावर ठेवला. आयुष्यात इतक्या सफाईने तो कधी खोटं बोलला नव्हता.

दादा पोपटाकडे वळला. "तू सांग. हा कुठल्या हाताने काम करतो?"

एक शब्द बोलायचा होता. ज्याने शंभर घड्याळांना शंभर खोट्या गोष्टी लावल्या, त्याला एक शब्द.

"उजव्या," पोपट म्हणाला. पण त्याआधी त्याची नजर डाव्या हाताकडे जाऊन आली होती.

दादाने ती बघितली.

त्यांनी कोयता वापरला नाही. घड्याळजीचाच हातोडा घेतला आणि डाव्या हाताचं एकेक बोट ऐरणीवर ठेवून ठेचलं. तिसऱ्या बोटानंतर घड्याळजीची शुद्ध गेली. उरलेली दोन बोटं पोपटाला बघावी लागली, कारण त्याचे केस धरून ठेवले होते.

जाताना दादा घड्याळ तिथेच ठेवून गेला. "आता याला खरी गोष्ट मिळाली," म्हणाला. "विका."

बायकोने त्या दिवसापासून भावाला "बाळा" म्हणायचं सोडलं. घड्याळजी आता उजव्या हातात चिमटा धरायला शिकतोय. स्क्रू पडतात, पोपट गुडघ्यांवर बसून ते वेचतो.

मध्ये एका गिऱ्हाईकाने कपाटातलं ते घड्याळ बघायला मागितलं आणि खाचेवरून अंगठा फिरवला. "यामागे नक्की काहीतरी गोष्ट असणार."

पोपटाने घड्याळजीच्या हाताकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "ती आमच्या भावजींनी छिन्नीने पाडलीय."

गिऱ्हाईकाने घड्याळ परत ठेवलं.