बालेन्तिनच्या नावाचा दाणा

बालेन्तिन एगुरोला गावात परत आलाय आणि मंडळात यायचं म्हणतोय, हे मेहुण्याने सांगितलं तेव्हा ओइएर लिझासो करवतीखाली ओंडका सरकवत होता. त्याने यंत्र बंद केलं, हातमोजे काढले आणि मनापासून हसला.

"हसतोस काय?" मेहुणा कोस्मे म्हणाला. "नाव मीच सुचवलंय त्याचं. बायको गेली बिचाऱ्याची. दिवसभर खिडकीत बसून असतो. रविवारी चार माणसांत जेवला तर तुझं काय जातंय?"

"माझं कुठे काय जातंय? येऊ दे की."

"ओइएर, मी ओळखतो तुला."

"मग नाव कशाला सुचवलंस?"

मंडळ म्हणजे गावातल्या पुरुषांचं जेवणाचं मंडळ; ओइएर आणि कोस्मे दोघंही त्याचे सभासद. तिथे पुरुषच रांधतात, पुरुषच वाढतात आणि भांडी कोणी घासायची यावरून पुरुषच हमरीतुमरीवर येतात. नवा माणूस घ्यायचा तर आधी त्याच्या हातचं सगळे जेवतात. मग तो बाहेर जाऊन थांबतो आणि आत झाकलेल्या मडक्यात प्रत्येक जण घेवड्याचा एक दाणा टाकतो. पांढरा म्हणजे ये, काळा म्हणजे नको. एक जरी काळा निघाला तरी माणूस बाहेर. कोणी टाकला ते विचारायचं नाही आणि किती निघाले ते त्या माणसाला सांगायचं नाही. ही रीत कोणी मोडल्याचं कोणाला आठवत नाही.

ओइएर एके काळी मोठा फुटबॉल खेळाडू होता. शहरातला त्याचा क्लब फक्त आपल्याच मातीतली पोरं घेतो, त्यामुळे तिथे खेळणारा पोरगा साऱ्या गावाचा असतो. ओइएर मधल्या फळीत खेळायचा. गोल करणाऱ्यांची नावं पोरांच्या जर्सीवर, पण चेंडू हिसकावून, मान वर करून तो नेमका पुढे सरकवणारा हा. पहिल्या सामन्याला गाव बसगाड्या भरभरून गेलं होतं. त्याचे वडील बित्तोर जत्रांमधून दगड उचलण्याच्या पैजा जिंकलेला माणूस. कधी कोणापुढे मान न तुकवणारे. त्या दिवशी ते अनोळखी माणसांना मिठ्या मारत सुटले होते.

पुढे कोच म्हणून बालेन्तिन आला. याच गावचा. आणि मग ती चषकाची उपांत्य फेरी आली. मध्यंतरात ओइएरचा घोटा सुजून नारळाएवढा झाला होता. डॉक्टर नको म्हणत होता. "सुई टोच आणि पाठव," बालेन्तिन म्हणाला. सुई टोचली, पाठवला. थोड्या वेळाने पाय जागच्या जागी मुडपला आणि त्याच बाजूने संघावर गोल झाला. बालेन्तिनने त्याला बाहेर काढलं आणि सामना हरल्यावर पत्रकारांना सांगितलं, "त्यानेच हात वर केला. मला काढा म्हणाला. माणूस घाबरला की त्याचा पाय आधी दुखतो."

ओइएरने हात वर केला नव्हता. त्या मुलखात हात मोडला तरी हात वर करत नाहीत. पण बालेन्तिनचा शब्द म्हणजे तेव्हा देवाचा शब्द. पुढच्या सामन्यात ओइएरच्या पायाशी चेंडू आला की आपलंच मैदान शिट्ट्यांनी त्याची हुर्यो उडवू लागलं. वर्षाअखेर त्याला दक्षिणेला, रणरणत्या उन्हातल्या दुसऱ्या श्रेणीच्या संघात पाठवलं. तिथून सायप्रस. तिथून घरी, आणि घरी आल्यावर मेहुण्याची करवत.

खरी आग स्वतःसाठी नव्हती, बापासाठी होती. वडील मंडळात तीस वर्षं एकाच जोडीदाराबरोबर पत्ते खेळले, प्रुदेन्सिओबरोबर. डावाला जोडी लागते. त्या सामन्यानंतर प्रुदेन्सिओने दुसरा जोडीदार धरला आणि बित्तोरला कोणीच मिळाला नाही. एवढा दगड उचलणारा माणूस, टेबलाच्या टोकाला एकटा सायडर, सफरचंदाची दारू, पीत बसायचा. त्यांनी मुलाला एकदाच विचारलं होतं, "हात वर केलास?" तो नाही म्हणाला. "बरं," एवढंच ते बोलले. त्यांनी खरं मानलं की नाही, हे कळायच्या आत ते गेले.

तर मेहुण्याने बातमी दिली त्याच संध्याकाळी ओइएर बालेन्तिनच्या दारात उभा राहिला.

म्हातारा पार खंगला होता. "मला वाटलंच होतं तू येशील," तो म्हणाला. "आत ये."

"नको. रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगा. त्या दिवशी काय झालं ते, जसंच्या तसं. मग माझा दाणा पांढरा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर बसा खिडकीत."

"शब्द देतोस?"

"शब्द."

शब्द देताना त्याची जीभ जराही अडखळली नाही. चेहऱ्यावर काही न दाखवता खोटं कसं बोलावं, हे तो याच माणसाकडून शिकला होता.

रविवारी दुपारी बालेन्तिनने खारवलेला मासा केला. तेल आणि लसूण घालून, भांडं दोन्ही हातांनी हलवत हलवत, तेल दाट पांढरं होईपर्यंत. रस्सा जराही फाटला नाही. सगळे मिटक्या मारत जेवले. ओइएरने तर दोनदा मागून घेतलं. सूड घ्यायचा म्हणून उपाशी राहायचं कारण नव्हतं.

मग म्हातारा उठून उभा राहिला.

"ओइएरने हात वर केला नव्हता," तो म्हणाला. "डॉक्टर नको म्हणत असताना मी त्याला खेळवला. सामना माझ्यामुळे गेला. माझी नोकरी जाईल म्हणून मी त्याचं नाव घेतलं. त्याचा बाप मला भेटायला आला होता, माझ्या घरी. त्यालाही मी हेच खोटं सांगितलं."

हे शेवटचं ओइएरला ठाऊक नव्हतं. म्हणजे बाबा गेले होते विचारायला. स्वतःच्या पोराला एकदा विचारून त्यांचं भागलं नव्हतं, आणि या माणसाने त्यांना दारातून तसंच परत पाठवलं होतं.

बालेन्तिन बाहेर गेला. मडकं फिरलं. ओइएरने काळा दाणा टाकला, इतक्या जोरात की आवाज झाला.

मग मडकं टेबलावर पालथं केलं. काळे, काळे, काळे. काळ्यांचा ढीग आणि त्यात एकच पांढरा. कोस्मेने मान खाली घातली; तो त्याचा होता, हे कोणालाही कळलं असतं.

"हरामखोर," कोणीतरी म्हणालं. "इतकी वर्षं आपल्याला फसवलं."

"आपला ओइएर! आपल्या मातीतला पोरगा!"

सगळे एकदम बोलू लागले, त्याच्या पाठीवर थापा पडू लागल्या. ओइएर दाराकडे निघाला. निकाल सांगायचं काम कोस्मेचं होतं, पण ओइएरला थांबवायची कोणाची छाती झाली नाही.

बालेन्तिन समोरच्या बाकावर टोपी हातात धरून बसला होता.

"नाही झालं," ओइएर म्हणाला. "एक सोडून सगळे काळे."

हे सांगायचं नसतं. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. पण मग त्याने वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक पांढरा होता ना? तू शब्द पाळलास, पोरा. मी तुझं एवढं वाईट केलं, आणि एकटा तूच... देव तुझं भलं करो."

ओइएर गप्प राहिला असता तर म्हातारा तेवढ्या एका दाण्यावर उरलेले दिवस काढू शकला असता.

"माझा काळा होता," तो म्हणाला. "तुझ्या घरी येऊन शब्द दिला, तेव्हाच तो काळा होता. माझ्या बापाला दारातून काय सांगून पाठवलंस ते आठवत बस आता."

उभ्या आयुष्यात त्याने बालेन्तिनला 'तू' म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर घालायचा प्रयत्न केला, ती नीट बसेना. मग ती तशीच हातात घेऊन तो उताराने खाली गेला. ओइएर तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. बरं वाटलं त्याला. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

आत आला तेव्हा पेले भरून तयार होते. प्रुदेन्सिओने त्याच्यासाठी शेजारची खुर्ची ओढून ठेवली होती आणि समोर पत्ते पिसून ठेवले होते.

"ये, बस. आजपासून तू माझा जोडीदार," प्रुदेन्सिओ म्हणाला. "तुझा बाप आज असायला हवा होता रे. झालं ना मन शांत?"

ओइएर त्या खुर्चीत बसला. पत्ते उचलून त्याने सावकाश वाटायला सुरुवात केली.

"बालेन्तिनचा हिशेब झाला," तो म्हणाला. "तुझा राहिलाय."