दोघांची फेरी

बाबांनी काठी चिखलात रोवली आणि हात आडवा धरून हिल्काला थांबवलं. बांधाच्या पायथ्याशी, गावाच्या बाजूला, गवतातून पाणी पाझरून ताटाएवढं डबकं साचलं होतं.

"इथं," बाबा म्हणाले आणि गुडघ्यांवर बसले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांना ते सहज जमत होतं.

बांधापलीकडे वाल नदी फुगून हिल्काच्या डोक्यापेक्षाही उंचावरून वाहत होती. लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं, की पाझर स्वच्छ असेल तर बांधाला नुसता घाम फुटलाय, घाबरायचं कारण नाही. पाण्याबरोबर वाळू येऊ लागली, तर मात्र बांध आतून पोखरला जातोय.

खरं म्हणजे इथं तिचं काहीच काम नव्हतं. पुराच्या दिवसांत गावातले स्वयंसेवक दर तीन तासांनी जोडीनं फेरी मारतात. बाबांचा जोडीदार कोबुस तापानं फणफणला होता, आणि एकट्यानं जायचं नाही असा नियम. बाबांनी सकाळी फोन करून तिला एक वाजता बोलावलं. नाही म्हणायला तिच्याकडे कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

तेच कारण चार वाजताही सांगायचं नव्हतं. नॉर्वेतल्या एका डोंगराळ खेड्याला वस्तीसाठी माणसं हवी होती, सुतारकाम करणाऱ्या तिच्या नवऱ्याला, बास्तियानला, तिथं कामही होतं. चारला तिथल्या कचेरीतली बाई संगणकावरून दोघांशी बोलणार होती आणि पहिला प्रश्न विचारणार होती, की तुम्हाला इथं का यायचंय. बास्तियाननं उत्तर आठवडाभर घोटलं होतं. डोंगर, मोकळी हवा, मुलांना बर्फ. हिल्कानं नुसती मान डोलावली होती.

पंच्याण्णव सालच्या पुरात सगळं गाव रिकामं केलं तेव्हा ती सात वर्षांची होती. गाडीच्या मागच्या काचेतून तिनं बांधावर उभ्या असलेल्या बाबांना लहान लहान होत जाताना पाहिलं. बांध टिकला, लोक परतले आणि विसरून गेले. ती मात्र आजही पलंगाशेजारी बूट ठेवून झोपते. बास्तियानला वाटतं, बायको टापटिपीची आहे. बांधावर उभा जन्म काढलेल्या हार्मेनची मुलगी पाण्याला भिते हे गावात कळलं असतं, तर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली असती.

बाबांनी खिशातून पांढरा, टवके उडालेला कप काढला, डबक्यातलं पाणी भरलं आणि वर धरला.

"बघ गं. वाळू आहे?"

"तुम्हीच बघा की."

"मला दिसत नाही, पोरी. दोन वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही."

मग इतक्या फेऱ्या कशा मारल्या, असं हिल्कानं विचारलं.

"कोबुस बघतो की. त्याला वाकता येत नाही, मला दिसत नाही. दोघं मिळून एक धड माणूस होतो." बाबा स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

हिल्काला हसू येईना. बाबा बांधावर आहेत म्हणून अख्खं गाव निर्धास्त झोपत होतं. भीतीनं तिचा जीव जात असायचा, तेव्हा तीसुद्धा हेच स्वतःला सांगत आली होती. तिनं कप घेतला. पाणी डुचमळत होतं. ते स्थिर होईपर्यंत ती श्वास रोखून थांबली. तळ पांढरा होता.

"स्वच्छ आहे."

"नक्की?"

तिनं पुन्हा पाहिलं. "नक्की."

बाबांनी डबक्याशेजारी खुणेची खुंटी ठोकली. "घाबरलीस," ते म्हणाले.

"मला पहिल्यापासून भीती वाटते, बाबा. म्हणून निघालेय. डोंगरबिंगर काही नाही."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली होती. आता बाबा काय म्हणतील या धास्तीनं तिनं कपातलं पाणी गवतात ओतून टाकलं. बाबा काठीचा आधार घेत सावकाश उठले.

"भीती वाटत नाही असा माणूस मी कधी फेरीला घेतलाच नाही. तो नीट बघत नाही." मग त्यांनी तिच्या हातातून कप घेतला. "जायचं तर जा. पण त्या बाईला खरं सांग. आणि माझ्या डोळ्यांचं कुठं बोलू नकोस. कोबुस परवापर्यंत उठेल."

चार वाजता पडद्यावर रागन्हिल्डबाई आल्या. त्यांनी हवापाण्याचं विचारलं, मुलांची नावं विचारली आणि मग तो प्रश्न विचारला. बास्तियान खाकरला. त्याच्या आधी हिल्का बोलली.

"मला इथल्या पाण्याची भीती वाटते."

बास्तियाननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"ते बूट," तो हळूच म्हणाला.

तिनं मान डोलावली. टेबलाखाली त्यानं तिचा हात धरला. रागन्हिल्डबाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, "इकडे आल्यावर ती भीती जाईल असं वाटतं तुम्हाला?"

हिल्कानं उत्तर शोधत खिडकीबाहेर पाहिलं. गल्लीच्या टोकाला बांध होता. चारच्या फेरीला बाबा निघाले होते, एकटेच. चारला तिचं हे बोलणं आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी फोन केला नव्हता.

बाबा खुंटीपाशी वाकले. कप भरून उठले. मान तिरकी करून त्यांनी तो डोळ्याच्या कडेशी धरला. मग दुसऱ्या डोळ्याच्या कडेशी धरला. तसेच ते कितीतरी वेळ उभे राहिले.

"जरा थांबाल का?" हिल्का पडद्याकडे बघून म्हणाली, आणि हीटरखाली वाळत ठेवलेले बूट ओलेच पायात चढवू लागली.