उभ्यानं रांधायचा ओटा

शालिकराम कमी बोलायचा. मनात काही दडवायचं म्हणून नव्हे; बोलत बसण्यापेक्षा काम लवकर उरकतं, असं त्याला वाटायचं एवढंच. मोर्शीच्या बाजूला त्याचा संत्र्याचा बगीचा होता आणि थोडी कपाशीची काळी जमीन होती. धाकटा भाऊ चंद्रभान आणि त्याची बायको आशाबाई त्याच्याच घरात राहत. वडील गेल्यापासून कारभार शालिकरामकडे आला, पण घरात तुझं-माझं असं कधी झालं नाही. विहीर एक, गोठा एक, चूल एक. गावात कुणाच्या घरी भावाभावांत लागलं, की लोक याच घराकडे बोट दाखवायचे.

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी त्याची बायको जयवंता भाकर थापता थापता मध्येच थांबली आणि म्हणाली, "आता मले या चुलीपुढं बसवत नाई."

शालिकराम जेवत होता. त्याने ऐकलं, पाणी प्यायला आणि हात धुवायला उठला. पण ते वाक्य त्याच्या मनात घर करून बसलं. जयवंता अलीकडे उठताना भिंतीला हात लावते, हे त्याने पाहिलं होतं. गुडघे गेले बिचारीचे, असं तो मनाशी म्हणाला. जन्म गेला जमिनीवर बसून फुंकणी फुंकण्यात.

पुढे संत्र्याच्या बैलबंड्या घेऊन तो अमरावतीला गेला. दोन टोपल्या कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर पोचवायच्या होत्या. बंगल्याच्या मागच्या अंगाला कडुनिंबाखाली कमरेइतका उंच असा सिमेंटचा ओटा बांधलेला होता. त्याच्या एका टोकाला खोलगट जागेत निखारे होते, वर लोखंडी जाळी होती, आणि साहेबाचा खानसामा उभ्याउभ्या त्यावर मांस भाजत होता. मांसाशी शालिकरामला काही घेणंदेणं नव्हतं. तो त्या माणसाचे गुडघे पाहत होता. गडी ताठ उभा होता, धूर वरच्या वर निघून जात होता, डोळ्यांना पाणी नाही, कमरेत वाक नाही.

"क्या चाहिए, भाई?" खानसाम्याने विचारलं.

"कुछ नहीं," शालिकराम म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ उभा राहिला.

परतताना त्याच्या बंडीत सिमेंटची पोती होती आणि पोत्यांवर नत्थुजी मिस्त्री बसलेला होता. नत्थुजीने कॅम्पातल्या बंगल्यांवर काम केलं होतं, त्यामुळे असला ओटा म्हणजे काय हे त्याला फार सांगावं लागलं नाही. घरी मात्र शालिकरामने कुणाला काही सांगितलं नाही. जयवंताला आधी विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"उंची किती ठेवू?" नत्थुजीने परसात दोरी धरून विचारलं.

शालिकराम घोटाळ्यात पडला. बायकोची कंबर कुठे येते हे तिला न विचारता कसं सांगायचं? शेवटी त्याने डोळे मिटले, जयवंता आपल्या शेजारी उभी आहे असं मनात आणलं आणि स्वतःच्या पोटाशी हात धरला. "इथवर," तो म्हणाला.

खोदकाम सुरू झालं. गिट्टी आली, नाल्यातली रेती आली, फळ्या ठोकल्या गेल्या. एका टोकाला निखाऱ्यात भाजायच्या रोडग्यांच्या विस्तवासाठी लांबट खोलगट जागा, मध्ये दोन चुलींची तोंडं, दुसऱ्या टोकाला पीठ मळायला गुळगुळीत सपाटी आणि खाली सरपण ठेवायला कप्पे. नत्थुजीलाही हुरूप आला होता.

चंद्रभान शेतातून आला तेव्हा अर्ध्या फळ्या लागल्या होत्या. "दादा, हे काय होऊन राहिलं?"

"ओटा."

"कायचा?"

"सैपाकाचा. चुली हायत त्याच्यात."

चंद्रभानने ओट्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला आणि पाय न धुता आत गेला.

त्या दिवसापासून घराला काय झालं ते शालिकरामला कळेना. आशाबाईने पाणी भरायचे पितळेचे गुंड चिंचेने घासून लख्ख केले आणि त्यातला एक वेगळ्या कोनाड्यात नेऊन ठेवला. जयवंताने तो उचलून परत जागेवर ठेवला. जयवंता त्याला वाढायची, पण आणखी घ्या म्हणायची नाही. ओटा कसा काय वाटतो, असं त्याने एकदा आडून विचारलं, तर ती म्हणाली, "तुमी ठरोलं, आता मले कायले विचारता?"

बगीच्यात चंद्रभान झाडांमधून उगाच हिंडत असायचा. एकदा त्याने विचारलं, "दादा, नाल्याकडची झाडं जास्त फळ धरतात का विहिरीकडची?"

"नाल्याकडची," शालिकरामने खरं ते सांगितलं.

"मंग ते तुमची म्हना."

"सारीच आपली हायत."

चंद्रभान कसनुसा हसला. भावाला ताप तर नाही ना, असं शालिकरामला वाटून गेलं.

मग एक दिवस शेजारचे म्हातारे रामराव काठी टेकत परसात आले. नत्थुजी ओट्यावर ओलं पोतं टाकून पाणी मारत होता. रामरावांनी सगळा ओटा फिरून पाहिला आणि शालिकरामच्या खांद्यावर हात ठेवला. "बापाच्या मागं तू लय सांभाळलं. कोनी तुले नाव ठेवनार नाई. पन चार पंच बसवून कर, मंग कटकट राहत नाई."

"ओट्याले पंच कायले पाह्यजेत, काका?"

रामराव त्याच्याकडे बघत राहिले. "तू साधा हायेस का पक्का हायेस, हे मले अजून उमजलं नाई," ते म्हणाले आणि आल्या पावली निघून गेले.

शालिकरामने शेवटी सगळ्याचा दोष नव्या वस्तूला दिला. सिमेंट लोकांना सवयीचं नाही, एकदा त्यावर शिजलेलं पोटात गेलं की सगळं सुरळीत होईल. ओटा वरून कोरडा दिसू लागला, तेव्हा त्याने रोडग्यांचा बेत ठरवला. गव्हाचं जाडं पीठ काढून दिलं, मळ्यातली काटेरी वांगी आणली, तूप कढवायला सांगितलं. रविवारी सकाळी त्याने स्वतः खोलगट जागेत गोवऱ्या रचल्या आणि पेटवल्या.

सगळं घर परसात आलं, पण एखाद्या मयताला यावं तसं. चंद्रभान हात बांधून उभा राहिला. आशाबाई डोक्यावर पदर ओढून भिंतीशी उभी होती. जयवंता ओट्यासमोर आली. ओट्याची कड नेमकी तिच्या कमरेला लागली, आणि शालिकरामला मनातून फार बरं वाटलं. गोवऱ्यांचा विस्तव फुलला. जयवंताने गोल रोडगे एकेक करून निखाऱ्यांत सरकवले आणि वर गरम राख ओढली.

थोडा वेळ चांगला गेला. मग ओट्याच्या पोटातून टकटक असा आवाज आला, आणि कुणाला काही समजायच्या आत बार उडावा तसा मोठा आवाज झाला. सिमेंटचा एक ढलपा उडाला आणि त्याच्याबरोबर राख, निखारे, रोडगे सगळं परसभर झालं. चंद्रभानची टोपी उडून गेली. एक रोडगा कुत्र्याने उचलला, तोंड पोळलं तसा टाकला आणि परत उचलला. नशिबाने कुणाला लागलं नाही.

नत्थुजी विहिरीवरून धावत आला. आत ओल राहिली, आणि उघड्या सिमेंटवर विस्तव चालत नाही, असं तो म्हणाला. "मले वाटलं तुमी वरून विटा मातीत बसवसान. तुमाले वाटलं मी बसवीन."

चंद्रभानने टोपी झटकली. "देवालेच मंजूर नव्हतं, दादा. एका बापाच्या घरात येगळी चूल."

"कोनाची येगळी चूल?"

"आमची. आनखी कोनाची?"

शालिकराम खाली ओट्याच्या कडेशी टेकला. गुंड, झाडं, पंच, सगळं त्याच्यासमोरून फिरून गेलं. परसात दुसरी चूल बांधायची म्हणजे भावाला वेगळं काढायचं, हे साऱ्या गावाला दिसलं होतं. त्याला मात्र फक्त गुडघे दिसले होते.

"अरे, वाटणीचं कोन बोललं?" तो म्हणाला. "हिचे गुडघे गेले म्हनून बांधला. उभ्यानं रांधाले."

आता चंद्रभान हसेल, बायका डोळे पुसतील, असं त्याला वाटलं होतं. चंद्रभान टोपीकडे पाहत राहिला. आशाबाई भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर कधी बोलत नसे. ती जयवंताकडे तोंड करून हळूच म्हणाली, "म्हन्जे बाई, चूल येगळी नाईच का?"

त्या आवाजात सुटल्यासारखं काही नव्हतं. उलट हाताशी आलेलं काहीतरी निसटलं, असा तो आवाज होता. शालिकरामने बायकोकडे पाहिलं.

"माहे गुडघे चांगले हायत," जयवंता म्हणाली. "मी गुडघ्याचं कधी म्हनलं?"

"तूच तं म्हनलं, चुलीपुढं बसवत नाई."

जयवंताने हाताची राख पदराला पुसली. "इतकी वर्सं एका चुलीपुढं दोघी बसतो. तिनं लाकूड पुढं लोटलं का मी मांगं घ्याचं. मी मीठ टाकलं का तिनं चाखून पाहाचं. भांडन नाई, काई नाई. तिच्या हाताले चव हाये, माह्याबी हाताले हाये. पन आता बसवत नाई."

आशाबाईने पदराआडून मान हलवली. ती रडत होती की हसत होती, हे त्याला दिसलं नाही.

"मंग घर तोडाचं का?" त्याने विचारलं.

"घराचं कोन म्हनलं?" चंद्रभान म्हणाला. "जमिनीले हात नाई लावाचा. पन दादा, माह्या बायकोनं आपल्या मनानं एक दिवस भाजी केली नाई." आणि मग, जणू फार बोललो असं वाटून, तो निखारे गोळा करायला वाकला.

पुढे नत्थुजीने खोलगट जागा विटांनी मढवली आणि वर गाळाच्या मातीचा जाड लेप दिला. ओटा आशाबाईने घेतला. ती जयवंतापेक्षा बुटकी होती, म्हणून खाली एक पाट ठेवावा लागला. तिखट ती भलतंच टाकायची, आणि रांधताना गुणगुणायची, हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. आतल्या चुलीपुढे जयवंता एकटी ऐसपैस बसून राहायची. दुपारी मात्र दोघी एकमेकींकडे वाटीभर कालवण पाठवायच्या आणि वाटी कधी रिकामी परत यायची नाही.

शालिकरामला मात्र आपण भावापासून वेगळे झालो की नाही, हे नीट सांगता येईना. गाव म्हणे झाले. चंद्रभान म्हणे, छे. संत्री एकाच बंडीतून जात होती, आणि चंद्रभानचा चेहरा इतका मोकळा त्याने कैक वर्षांत पाहिला नव्हता. ज्या गोष्टीने घर मोडतं असं तो आजवर ऐकत आला होता, त्याच गोष्टीने घरातलं वारं हलकं झालं होतं. तो यावर बगीच्यात पाणी देताना विचार करायचा आणि पाणी वाफ्याबाहेर जायचं.

उन्हाळ्यात मूर्तिजापूरकडचा एक दूरचा पाहुणा आला. त्याने परसात धूर पाहिला, स्वयंपाकघरातून धूर येताना पाहिला, आणि पागोटं काढत दबक्या आवाजात विचारलं, "मी कोनाकडं जेवू?"

शालिकरामने आत पाहिलं, बाहेर पाहिलं. मग पाण्याचा तांब्या पाहुण्यापुढे धरला.

"हात धुवा," तो म्हणाला. "कोनी ना कोनी ताट घेऊन येतेच."