रानशेण्यांखालचा खान

मी एक जुने चित्र आहे, मित्रांनो. मंगोलियाच्या गवताळ माळावर चोइंबोल नावाच्या चित्रकाराने मला सुती कापडावर रंगवले. दगड कुटून रंग केले, कातडे उकळून सरस केला. चंगीझ खानाची पांढरी टोपी, रुंद कपाळ, विरळ दाढी असे सगळे झाल्यावर त्याने शेवटी डोळे काढले. तेव्हा तो श्वास रोखून बसला होता. त्याची बायको खांदजाव हसून म्हणाली, "अहो, श्वास घ्या! खानाचे डोळे उघडतील नि तुमचे मिटतील."

त्यांच्या नमद्याच्या, म्हणजे थापलेल्या लोकरीच्या, गोल तंबूत, दारासमोरच्या मानाच्या जागी मला टांगले. नव्या दुधाचे पहिले थेंब माझ्यापुढे शिंपडत. माझ्याकडे पाय करून कुणी बसत नसे.

मग वारे फिरले, नवे सरकार आले. खानाचे चित्र बाळगणारा देशाचा वैरी, असा हुकूम निघाला. शेजारच्या तळावरच्या दोघा भावांना धरून नेले. ते परत आले नाहीत.

चोइंबोलने मला गुंडाळले. "छताच्या काठ्यांमागे ठेवतो."

"तिथंच आधी हात घालतील," खांदजाव म्हणाली. "झडतीला येणारेही आपलेच. आपला माणूस खानाला खाली ठेवणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. द्या इकडे, रानशेण्यांच्या खोक्यात घालते."

"शेणात? खानाला? जीभ झडेल तुझी!"

"झडू दे. मान तरी राहील."

तो ऐकेना, त्याने मला छतातच खोचले. पण तो नदीवर बर्फ फोडायला गेला, तेव्हा तिने मला छतातून काढले, चिंधीत बांधले आणि दाराजवळच्या खोक्याच्या तळाशी ठेवले. वर वाळलेल्या रानशेण्या रचल्या. त्याला सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी सोदोव आला. झडतीचा अधिकारी, पण वाढलेला याच माळावर. त्याने सरळ छताच्या काठ्यांमागे हात घातला. चोइंबोलने डोळे मिटले. हात रिकामाच बाहेर आला. चोइंबोलने डोळे उघडून आ वासला.

"काय आजोबा, भूत पाहिलंत?"

"थंडी बाधलीय त्यांना," खांदजाव घाईने म्हणाली. "बसा, चहा टाकते."

दारात आलेल्याला चहा न पाजता आमच्या माळावर कुणी पाठवत नाही, झडतीवाल्यालाही नाही. पाठवले असते तर संशयच आला असता. पण आमच्या मीठ घातलेल्या चहाला आग हवी आणि आगीला रानशेण्या. सोदोव गाद्या उसवत होता, मधूनच वाटी पुढे करत होता.

"मीठ कमीच आहे, आजी. सरकारला मीठ द्यायचंही जिवावर येतं?"

दुसरी वाटी झाली. तिसरी झाली. माझ्यावर चारच शेण्या उरल्या.

आग मंदावली. खांदजाव उठू लागली.

"बसा आजी, मीच घालतो."

त्याचा हात खोक्यात उतरला. बोटे चिंधीला लागली, चिंधी सरकली आणि गुंडाळीतून पांढऱ्या टोपीची कड दिसली. खांदजाव जमिनीकडे बघत राहिली.

सोदोवचा हात कितीतरी वेळ तिथेच होता. मग त्याने चिंधी सारखी केली, एक शेणी उचलून चुलीत टाकली आणि तो दाराकडे वळला.

"खोका रिकामा व्हायला आलाय, आजी. भरून ठेवत जा. माझ्यानंतर येईल तो जास्त चहा पितो."

घोड्याच्या टापा दूर गेल्या, तसे खांदजावने खोक्याकडे बोट दाखवले. चोइंबोलने खोक्यात डोकावून पाहिले. मग त्याने पाठीला टोपली लावली आणि तो आयुष्यात पहिल्यांदा रानशेण्या गोळा करायला निघाला.

पुढे तो हुकूमही गेला, आणि आज मी संग्रहालयात काचेमागे आहे. खालच्या पाटीवर चोइंबोलचे नाव आहे. खांदजावचे नाही, सोदोवचेही नाही. मित्रांनो, माझी काच पुसणारे पुष्कळ आहेत. तुम्ही एवढेच करा. जुनी वस्तू दिसली की ती कुणी घडवली हे वाचा, आणि ती कुणी वाचवली हेही विचारा. माझ्यापुरते उत्तर तुम्हाला आता ठाऊक आहे. घरी गेलात की कुणाला तरी सांगा.