उतरायला जागा नाही

कॅप्टन सारंग पेडणेकरचा फोन आला तेव्हा सुलेखा सिंगापुरात, रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होती. मालवाहू जहाजं चालवणाऱ्या एका कंपनीत ती काम करायची. कुठलं जहाज कुठे आहे, कुठल्या बंदराला कधी लागणार, हे सगळं तिच्याकडे. सारंगचं जहाज पामतेल घेऊन अंदमानच्या समुद्रातून चाललं होतं. त्याने सांगितलं, समोर एक लाकडी होडी आहे, इंजिन बंद, आत माणसं एकमेकांवर पडलेली. बायका आहेत, पोरं आहेत. काही जण हलत नाहीत.

"वर घ्या त्यांना," सुलेखा म्हणाली.

"घेतोच आहे, मॅडम. फक्त कळवायला फोन केला."

तिचे वरिष्ठ निशिकांत मूळचे दादरचे, आता सिंगापूरचे नागरिक. ते चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं की होडीला पाणी, बिस्किटं आणि डिझेल देऊन पुढे निघायला हवं होतं. आता या माणसांसकट जहाजाला कोण थारा देणार? आणि त्यांचंच खरं ठरलं, याचाच सुलेखाला सगळ्यात जास्त संताप आला.

माल उतरवायच्या बंदराने कळवलं, जहाज येऊ द्या, ती माणसं नकोत. दुसऱ्या देशाने सांगितलं, आमच्या हद्दीत शिरू नका. तिसऱ्याने विचारलं, ते नागरिक कुठले? ते रोहिंग्या होते. जिथे जन्मले तो देशच त्यांना आपलं म्हणत नव्हता. सुलेखा फोनवर फोन करत राहिली. सगळे अतिशय मऊ आवाजात बोलायचे, सहानुभूती दाखवायचे आणि दुसऱ्या कुणाचा तरी नंबर द्यायचे. एखाद्याने निदान ओरडावं, असं तिला वाटायला लागलं.

होडीतल्या रशिदा नावाच्या बाईला मोडकं हिंदी येत होतं. तिच्या मुलीचा ताप उतरेना, म्हणून सारंगने तिला सुलेखाशी बोलायला दिलं. सुलेखाने एका डॉक्टरला फोनवर जोडून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून सांगितलं की मुलीला हॉस्पिटलमध्येच न्यावं लागेल. जहाजापासून सगळ्यात जवळ जे बंदर होतं, तिथे सुलेखाने विनवणी केली की एकट्या त्या मुलीसाठी लाँच पाठवा.

तिकडचा अधिकारी म्हणाला, "ती परत जाईल, याची हमी कोण देणार?"

"परत कुठे?" सुलेखाने विचारलं.

लाँच आली नाही आणि मुलगी गेली. तिला जमिनीत पुरू द्यावं, अशी सारंगने परवानगी मागितली, तीही मिळाली नाही. मग खलाशांनी तिला जहाजावरच्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलं. रशिदाला जेवढी प्रार्थना येत होती तेवढी तिने म्हटली, आणि सारंगने मुलीला समुद्रात सोडलं.

दुसऱ्या दिवशी निशिकांतनी सुलेखाला केबिनमध्ये बोलावलं. ती लाकडी होडी जहाजामागे दोराने बांधलेली होती आणि खलाशांनी तिचं इंजिन दुरुस्त केलं होतं. सगळ्यांना पुन्हा होडीत बसवायचं, डिझेल आणि खाणं द्यायचं आणि कुठल्या तरी देशाच्या हद्दीजवळ दोर सोडायचा, असं वर ठरलं होतं. सारंगला सुलेखाने सांगायचं, कारण तो तिचं ऐकतो.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली.

"सुलेखा, तुझा इथे राहायचा एम्प्लॉयमेंट पास कंपनीचा आहे. तुझ्या अवनीची शाळा इथे आहे. जरा विचार कर."

"केलाय. मला हाकललंत तर मी पुण्याला जाईन. त्यांना कुठे जायला सांगताय?"

निशिकांत म्हणाले, आपण काही जगाचा ठेका घेतलेला नाही. तिने त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलून सारंगला लावला आणि स्पीकर चालू केला. होडीचा हुकूम काय आहे तो तिने त्याला सांगितला. हा हुकूम मी देत नाहीये, हेही सांगितलं. जहाजावर शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो. जो कोणी हे करायला सांगेल, त्याच्याकडून लेखी हुकूम सहीनिशी मागा, असं ती म्हणाली.

"मॅडम, त्या पोरीला मी माझ्या हाताने पाण्यात सोडलंय," सारंग म्हणाला. "आता आणखी कुणाला सोडणार नाही. साहेब ऐकत असतील तर त्यांनाही सांगा."

सही कुणीच दिली नाही. जहाज बरेच दिवस तसंच समुद्रात उभं राहिलं. तेल अडकल्यामुळे मालाचे मालक ओरडायला लागले, तेव्हा कुठे एका देशाने माणसांना उतरवून घेतलं. मुलगी मेली तेव्हा जे हलले नव्हते, ते तेलासाठी हलले. धक्क्यावरून त्या सगळ्यांना थेट तारांच्या कुंपणाआडच्या छावणीत नेलं.

सारंगला पुन्हा जहाज मिळालं नाही. सुलेखाचा पास रद्द झाला. पासिर रिसचा राहता फ्लॅट रिकामा करताना मराठी ओळखीचे लोक भेटायला आले. किती धाडस केलंस, असं म्हणाले आणि पुण्यातल्या शाळांच्या प्रवेशाबद्दल बोलायला लागले. रशिदाच्या मुलीचं नाव काय होतं, हे कुणी विचारलं नाही. तिचं नाव नूरजान होतं.

खोकी बांधताना अवनीने आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "ममा, सगळेच नो म्हणाले? लाइक दॅट ऑल्सो कॅन, अह?"

"असंही चालतं," सुलेखा म्हणाली. "चालवून घेतात सगळे."

आता ती पुण्यात असते. रशिदाच्या सुटकेसाठी तिने तिकडचा एक वकील गाठला आहे. सारंग साक्ष द्यायला तयार आहे, पण कोर्टाची तारीख मिळत नाही. ती वरचेवर त्या छावणीच्या कार्यालयात फोन करते. तिचा आवाज ओळखला की तिकडचा माणूस फोन ठेवून देतो. ती पुन्हा लावते.